दारूखान्याशेजारचे घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचा वक्ता न आणता आपल्यातल्याच एखाद्या बाईने बोलावे असे यंदा ठरले आणि माझे नाव पुढे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली, संसारात मुरलेली बाई. मोठ्या विषयांवर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण दुसऱ्याच्या संसाराविषयी बोलायला बायकांना अधिकार लागत नाही, हे तुम्ही सगळ्या जाणताच! तेव्हा मी एका संसाराचीच हकीकत सांगणार आहे. तो संसार अमेरिकेतला आहे आणि दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. माझी पुतणी तिकडे डेलावेअर नावाच्या राज्यात राहते. तिने ते घर पाहिले, त्यावरची पुस्तके आणली आणि सुटीला आली तेव्हा रोज दुपारी निवडण-टिपण करता करता मला मराठीत सांगितली. त्यातले जे माझ्या मनाला लागून राहिले तेवढे सांगते.

हे घर बंदुकीची दारू करणाऱ्या कारखान्याच्या चालकाचे. त्यांचे नाव इरेने द्यु पाँ. पूर्ण नाव एल्युथेर इरेने. ही दोन्ही नावे ग्रीक भाषेतली. एकाचा अर्थ स्वातंत्र्य आणि दुसऱ्याचा शांती. म्हणजे आपल्याकडे एखाद्याचे नाव शांताराम असावे आणि त्याने जन्मभर दारूगोळा करावा, तसेच झाले! आणखी एक गंमत म्हणजे कारखाना ज्या नदीवर होता तिचे नाव ब्रँडीवाईन. आपल्या मराठीत पिण्याचीही दारू आणि उडवण्याचीही दारूच. त्या नदीकाठी मात्र या दोन दारूंचे जमणे म्हणजे मरण होते. पुढे कारखान्याच्या आवारात पिण्याच्या दारूला सक्त मनाई झाली.

इरेने जन्माने फ्रेंच. जन्म १७७१ सालचा, पॅरिसमधला. वडील प्येर साम्युएल हे मोठे विद्वान आणि राजकारणी गृहस्थ. लव्हाझिए या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाशी त्यांचा घरोबा होता. लव्हाझिएकडे सरकारी दारूच्या कारखान्यांचा कारभार होता. त्यांच्या हाताखाली पोरसवदा इरेने एसॉन गावच्या कारखान्यात हे काम शिकले. याच एसॉनला १७८८ साली एका नव्या प्रकारच्या दारूचा प्रयोग करताना स्फोट झाला आणि कारखान्याचे संचालक व पाहायला आलेली एक तरुणी अशी दोन माणसे जागच्या जागी गेली. लव्हाझिए आणि त्यांच्या पत्नी तिथून थोड्याच अंतरावर होत्या म्हणून वाचल्या. पुढे राज्यक्रांती झाली. लव्हाझिएंचा १७९४ साली शिरच्छेद झाला. प्येर साम्युएलही तुरुंगात पडले होते, पण सत्ता पालटली म्हणून सुटले.

इरेने यांचे लग्न १७९१ सालचे. मुलगी सोफी दालमास, वय सोळा. सासरेबुवांना हे लग्न पसंत नव्हते. मुलाने हट्ट धरला आणि केले. पुढे या सुनेनेच त्या घराचा सारा भार वाहिला, हे तुम्हांला दिसेलच.

१७९९ च्या ऑक्टोबरात हे सगळे गोत, सासरे, थोरले दीर, जाऊ, मुलेबाळे, एका जुनाट जहाजातून अमेरिकेला निघाले. सोफीबाईंची तीन मुले बरोबर. धाकटा आल्फ्रेड तर दीड-दोन वर्षांचा. तीन महिने समुद्रावर गेले. १८०० सालच्या पहिल्या दिवशी जमीन लागली. त्या घरात एक गोष्ट सांगत असत. किनाऱ्यावर उतरल्यावर भुकेने व्याकूळ झालेली ही मंडळी एका घरात शिरली. घरचे लोक प्रार्थनेला गेलेले आणि मेजावर अन्न वाढून ठेवलेले. यांनी ते सगळे खाल्ले आणि ताटात सोन्याचे नाणे ठेवून निघून गेले. खरेखोटे देव जाणे. पण मला त्या घरच्या बाईचा विचार येतो. परत येऊन पाहते तो काय, स्वयंपाक गायब!

अमेरिकेत एकदा शिकारीला गेले असता इरेने यांच्या लक्षात आले की इथली दारू महाग आणि कुचकामी आहे. आपल्याला तर हीच विद्या येते. मग फ्रान्सला परत जाऊन भांडवल आणि यंत्रे आणली, आणि १८०२ साली ब्रँडीवाईनच्या काठी जागा घेतली. १८०४ पासून माल विकू लागले.

बंदुकीची दारू करणे म्हणजे काय, ते थोडे सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. तीन जिन्नस लागतात: सोरा, कोळसा आणि गंधक. शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा आणि दहा गंधक, असे साधारण माप. कोळसा विलो नावाच्या झाडाचा. ती झाडे तिथेच लावली. गंधक इटलीजवळच्या सिसिली बेटाचे. आणि सोरा? तो आपल्या हिंदुस्थानातला, बिहारातला! जुन्या भिंतींना, गोठ्याच्या जमिनीला पांढरा लोणा धरतो, तो आपण खरवडून फेकून देतो. बिहारात नोनिया जातीचे लोक तसली माती खरवडून, पाण्यात विरघळवून, ते पाणी आटवून सोरा काढीत. तो गंगेवरून कलकत्त्याला आणि तिथून जहाजाने परदेशी जाई. म्हणजे त्या दूरच्या नदीकाठी जो बार उडे, त्यात पाऊण हिस्सा आपल्याकडच्या गरिबाने उन्हात गोळा केलेली माती असे. हे मला मुळीच ठाऊक नव्हते.

हे तीन जिन्नस पाण्याने ओलसर करून उखळात मुसळांनी कुटीत; पाणचक्कीवर मुसळे खालीवर होत. पुढे मुसळांऐवजी प्रचंड वजनाची लोखंडी चाके आली. मग वडी दाबायची, फोडून दाणे करायचे, वाळवायचे, चकाकी आणायची, पिंपांत भरायचे. यातल्या कुठल्याही पायरीला एक ठिणगी पुरे. म्हणून कामगारांच्या जोड्यांना लोखंडी चुका नसत, लाकडी असत. कामाच्या कोठड्यांना तीन बाजूंनी जाडजूड दगडी भिंती, आणि नदीकडची चौथी बाजू व छप्पर हलक्या लाकडाचे. स्फोट झालाच तर त्याचा जोर नदीकडे जावा, शेजारच्या कोठडीकडे नव्हे, अशी ती युक्ती. आत असलेला माणूसही अर्थातच नदीकडेच जाई. कामगारांच्या बोलण्यात "अमका ओढ्यापलीकडे गेला" म्हणजे तो मेला. आपण "देवाघरी गेला" म्हणतो तसे.

आता घराकडे येते. १८०३ साली इरेने यांनी स्वतःसाठी घर बांधले, ते कारखान्याच्या अगदी वरच्या उंचवट्यावर. मागच्या बाजूने पाहिले की खाली कोठड्या दिसत. १८३७ पर्यंत कारखान्याची कचेरीही त्या घरातच होती. त्यांना झाडाफुलांचा नाद फार. परवान्यावर त्यांनी आपला धंदा "वनस्पतिशास्त्रज्ञ" असा लिहिला होता. घरापुढे त्यांनी मोठी बाग केली. स्पेनहून डॉन पेद्रो नावाचा चांगल्या लोकरीचा एक मेंढा आणवला होता, त्याच्यापासून सगळ्या मुलखात मेंढ्यांची पैदास झाली. पुढे बाग, मागे दारूखाना, आणि मध्ये सोफीबाईंचे स्वयंपाकघर! सात मुले त्या घरात वाढली.

मालकाने घर इतके जवळ का बांधले? लांब, सुरक्षित जागी बांधायला जमीन थोडी का होती? माझी पुतणी म्हणाली, देखरेखीसाठी. ते खरेच. पण दुसरेही असावे. ज्या ठिकाणी मालकाची बायकामुले राहतात, तिथे राहायला मजूर नाही म्हणत नाही. मजुरांची घरेही तिथेच जवळपास होती. बहुतेक आयर्लंडहून आलेले; कंपनी जहाजाचे भाडे भरी आणि पगारातून कापून घेई. त्यांच्या बायका घरात एकट्या मजुरांना जेवायला-राहायला ठेवीत. खाणावळीवर घर चालवणे म्हणजे काय ते आपल्यातल्या काहीजणी चांगले जाणतात.

१८१७ च्या जुलैत कोळशाच्या कोठाराला आग लागली. तेव्हा सासरेबुवा सत्याहत्तर वर्षांचे. तेही बादल्या देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. आग विझली, पण ते अंथरुणाला खिळले आणि ऑगस्टात गेले.

त्याला वर्ष होते न होते तोच १९ मार्च १८१८ उजाडला. इरेने त्या दिवशी कामासाठी बाहेरगावी होते. कारखान्यात एकामागून एक स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली. घराचीही नासधूस झाली आणि सोफीबाई जबर जखमी झाल्या. धाकटा अलेक्सिस तेव्हा दोन वर्षांचा होता. मालक परत आले ते काय पाहायला? कारखाना जमीनदोस्त, घर फुटलेले, बायको जायबंदी, आणि वस्तीतल्या घरोघरी रडारड. तिथल्या बायका त्या दिवशी नदीकाठी काय शोधीत फिरल्या असतील, ते मी बोलत नाही.

इरेने यांनी कारखाना पुन्हा उभारला. डोक्यावर फ्रान्समधल्या भागीदारांचे कर्ज होतेच, ते आणखी वाढले. पण एक गोष्ट त्यांनी केली, ती मला मोठी वाटते. मेलेल्या कामगारांच्या बायकांना राहत्या घरातून काढले नाही, आणि कंपनीकडून त्यांना वर्षासन लावून दिले. त्या काळी कुठला कायदा तसे करायला सांगत नव्हता. तरी मनात येते, सोफीबाईंची दुखापत पुस्तकात लिहिली गेली, त्यांची पत्रे जपून ठेवली गेली. त्या तीसएक बायकांची नावे मला पुतणीने आणलेल्या एकाही पुस्तकात मिळाली नाहीत. जोखीम दोघींची एकच होती, नोंद मात्र एकीचीच राहिली.

सोफीबाई त्यातून पुरत्या बऱ्या कधी झाल्याच नाहीत. दहा वर्षे तशीच काढून १८२८ साली वारल्या.

मग ते घर कोणी सांभाळले? थोरल्या मुलीने, व्हिक्टोरिनने. हिची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कारखान्यात वडिलांचे एक भागीदार होते, बोदुई नावाचे. त्यांच्या मुलाशी हिचे जमले. इकडे दोन्ही बाप हिशेबावरून भांडत होते आणि तिकडे ही मुले लग्न ठरवीत होती. १८१३ च्या नोव्हेंबरात लग्न झाले आणि १८१४ च्या जानेवारीत नवरा आजाराने गेला. एकवीस वर्षांची मुलगी तीन महिन्यांच्या आत विधवा होऊन बापाच्या घरी परत आली. बोदुई पुढे भागीदारी सोडून गेले.

व्हिक्टोरिनने पुन्हा लग्न केले नाही. तिकडे बंदी नव्हती, तिनेच केले नाही. पण ती कोपऱ्यातही बसून राहिली नाही. मजुरांची मुले आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेली. त्यांना रविवारी लिहायला-वाचायला शिकवावे म्हणून नदीकाठी शाळा निघाली होती. १८१७ साली तिला स्वतःची इमारत मिळाली. व्हिक्टोरिन त्या शाळेची मुख्य झाली आणि १८६१ साली मरेपर्यंत तिने ती चालवली. चाळीसाहून अधिक वर्षे! कुठल्याही एका पंथाची ही शाळा नव्हती; निरनिराळ्या पंथांची मुले एका बाकावर बसत. आपला शिवणवर्ग चार महिने सलग चालवताना आपली काय दमछाक होते, ते आठवा म्हणजे चाळीस वर्षांचे मोल कळेल. शिवाय आई गेल्यावर धाकट्या भावंडांचीही तीच आई झाली.

धाकटी बहीण सोफी निराळ्या वळणाची. ती घरातल्या माणसांची गमतीची चित्रे काढी: कोण घसरून पडले, कोण जेवताना झोपले, कुणाची टोपी उडाली. घरच्यापुरते हाताने लिहिलेले वर्तमानपत्रही ती काढीत असे. अशा घरात इतके हसू कुठून येई, याचे मला आधी नवल वाटले. मग वाटले, अशाच घरात त्याची गरज जास्त.

मधली एव्हलिना. तिची गोष्ट तर नाटकात शोभेल. फ्रान्समधल्या एका भांडवलदाराने, कारखान्याचे हिशेब खरे आहेत की नाहीत ते तपासायला, १८१४ साली आपल्या मुलाला अमेरिकेला धाडले. त्याचे नाव बिडरमन. त्याने वह्या तपासल्या, सगळे चोख सापडले, आणि १८१६ साली एव्हलिनाशी लग्न करून तो तिथलाच झाला! १८३४ च्या ऑक्टोबरात इरेने फिलाडेल्फिया शहरात रस्त्यातच कोसळून वारले, तेव्हा पहिली तीन वर्षे या जावयानेच कारखाना सांभाळला, आणि मग तो आल्फ्रेडच्या हाती दिला. तपासायला आलेला माणूस असा निघावा हे भाग्यच म्हणायचे.

त्यापुढची सगळी हकीकत सांगत बसत नाही. अलेक्सिस, जो १८१८ च्या स्फोटात दोन वर्षांचा होता, तो १८५७ साली एक्केचाळीस वर्षांचा असताना कारखान्यातल्याच स्फोटात भाजून गेला.

आल्फ्रेडचा मुलगा लामॉट हा रसायनशास्त्र शिकलेला, फार हुशार. १८५७ साली त्याने पेरूकडच्या स्वस्त खारापासून सुरुंगाची दारू करण्याची रीत काढली, त्यामुळे कोळशाच्या खाणींचे काम सोपे झाले. लढाईच्या दारूला मात्र आपला सोराच लागे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा उत्तरेच्या सरकारने याला गुपचूप लंडनला पाठवले आणि मिळेल तेवढा हिंदुस्थानी सोरा विकत घ्यायला सांगितले. त्याने बाजार रिकामा केला. तेवढ्यात दोन्ही देशांचे एका जहाजावरून भांडण जुंपले आणि इंग्रजांनी सोऱ्याची निर्यात रोखली. भांडण मिटल्यावर १८६२ च्या जानेवारीत बंदी उठली आणि माल सुटला. बिहारातल्या नोनियांना आपल्या मातीवरून दोन राष्ट्रे अडून बसल्याचे कुठून कळणार?

लामॉटचे लग्न १८६५ साली मेरी बेलिनशी झाले. ती कंपनीच्या हिशेबनिसाची मुलगी. म्हणजे कारखान्याच्या वस्तीतलीच. कारखान्याचा धोका तिला कुणी समजावून सांगायला नको होता. तिचा संसार सुखाचा होता, मुले पाठोपाठ झाली. तेवढ्यात नवी चीज आली, डायनामाइट. काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरदार. लामॉटचे काका हेन्री तेव्हा घराण्याचे कर्ते; त्यांना ही नवी चीज मुळीच पसंत नव्हती. पण लामॉटने मनावर घेतले, आणि १८८० साली न्यू जर्सीत डेलावेअर नदीच्या काठी रेपानो नावाचा कारखाना निघाला. पुढे बिऱ्हाड फिलाडेल्फियाला हलले. म्हणजे या पिढीने घर दारूखान्यापासून दूर नेले!

२९ मार्च १८८४. कारखान्यात नायट्रोग्लिसरिनचा एक घाणा बिघडून धुमसू लागला. कळताच लामॉट तिकडे धावला. तो घाणा पाण्यात सोडून थंड करण्याची खटपट चालली होती. जमत नाही असे दिसल्यावर सगळे बाहेर पडले, पण पुरेसे लांब जाण्याआधी स्फोट झाला. लामॉट आणि त्याच्याबरोबरचे लोक जागीच गेले. त्याचे वय त्रेपन्नच्या आत.

घर लांब होते, ते वाचले. काचसुद्धा फुटली नाही. आणि तरी मेरीबाईंचे सगळे गेले. पदरी लहानमोठी बरीच मुले. थोरला मुलगा प्येर चौदा वर्षांचा. हा मुलगा घरातला कर्ता झाला, आणि त्याची भावंडे त्याला "दादा" नव्हे, चक्क "बाबा" म्हणू लागली. मोठेपणीसुद्धा, केस पांढरे झाल्यावरही, ते त्याला त्याच नावाने हाक मारीत. पुढे त्याने कंपनी फार मोठी केली, त्याचे नाव जगभर झाले, ते सगळे पुस्तकांत आहे. मला मात्र चौदाव्या वर्षी बाबा झालेला तो मुलगाच डोळ्यांपुढे दिसतो. मेरीबाई १९१३ पर्यंत जगल्या.

नदीकाठचे जुने घर मात्र अजून उंचवट्यावर उभेच होते. तिथे हेन्रीकाकांची पत्नी लुईझाबाई राहत होत्या. काका १८८९ साली वारले. ७ ऑक्टोबर १८९० रोजी शंभर टनांहून अधिक दारू एकदम उडाली. बाराजण गेले. घर खिळखिळे झाले. सासूने, नणंदांनी ज्या घरात इतकी वर्षे काढली, ते सोडून लुईझाबाई त्यानंतर दुसरीकडे राहायला गेल्या. कारखाना पुढेही तीस वर्षे चालला. १९२१ साली तो बंद झाला. तोवर तिथे २८८ स्फोट झाले आणि २२८ माणसे गेली, असा हिशेब आहे. पुढे घराण्यातल्याच एका लेकीने ते घर दुरुस्त करून घेतले. आता तिथे संग्रहालय आहे. व्हिक्टोरिनची शाळा आहे, इरेने यांची बागही पुन्हा लावली आहे, आणि खाली नदीकाठी त्या तीन भिंतींच्या कोठड्या रांगेने उभ्या आहेत, चौथी बाजू पाण्याकडे उघडी.